‘काय नाही ओ मॅडम’ : बर्फातल्या फौजी दवाखान्यातले दिवस

सेवेचा करार संपवून मी खानापूरला परत आले, तेव्हापासून बाजारात, बसस्टँडवर, लग्नाच्या मांडवात बायका मला बाजूला घेऊन एकच विचारतात, “तिकडं बर्फात पोरांचं नेमकं काय होतंय गं?” विचारणारीचा मुलगा, जावई नाहीतर भाऊ तिकडे असतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावात. त्यामुळे खानापूर, चंदगड, निपाणीकडच्या कितीतरी घरांत भिंतीवर गणवेशातला एक तरी फोटो दिसतो. मुलगा फोनवर म्हणतो, सगळं बरं आहे. त्यापलीकडे तो काही सांगत नाही. मी तशाच एका फौजी दवाखान्यात डॉक्टर होते. जागेचं आणि पलटणीचं नाव मी लिहिणार नाही, ते लिहायचं नसतं. पण तिथे आजारपण कसं येतं आणि आम्ही त्यावर काय करतो, हे आपल्या घरांमध्ये ठाऊक असायलाच हवं.

मी तिकडे कशी गेले ते आधी सांगते. फेब्रुवारी २०१६ मध्ये मी बेळगावात एमबीबीएस करत होते. ३ फेब्रुवारीला सियाचेनवर १९,६०० फुटांच्या सोनम चौकीवर हिमकडा कोसळला आणि मद्रास रेजिमेंटचे दहा जण गाडले गेले. सहाव्या दिवशी त्यांतले लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पद जिवंत सापडले. ते धारवाड जिल्ह्यातल्या बेटदूरचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. होस्टेलच्या मेसमध्ये कानडी मुली आणि आम्ही मराठी मुली एकाच टीव्हीसमोर बसून दिल्लीहून काय कळतंय याची वाट बघायचो. ११ फेब्रुवारीला ते गेले. सगळीकडे त्यांच्या जिद्दीची चर्चा होती आणि ती व्हायलाच हवी होती. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच चालू होतं. बर्फातून बाहेर काढल्यावर पहिल्या तासाभरात त्यांच्याजवळ कोण होतं? त्या थंडीत सलाईन कसं लावलं असेल? शिरा सापडल्या असतील का? आमच्या पुस्तकात यातलं काहीच नव्हतं. फौजेत जायचं मी त्या आठवड्यात ठरवलं.

बाबांचं म्हणणं होतं, आधी पीजी कर, मग काय ते बघू. आईचे मामा हवालदार म्हणून निवृत्त झालेले. ते एवढंच म्हणाले, “जाऊ दे तिला. आमच्या येळेला वर डॉक्टर असता तर दोघं जण आज गावात असते.” त्यापुढे घरात कुणी बोललं नाही.

माझ्या वेळी डॉक्टरसाठी शॉर्ट सर्व्हिस कमिशनचा, म्हणजे ठरावीक वर्षांच्या फौजी नोकरीचा, रस्ता तसा सरळ होता. इंटर्नशिप पुरी लागायची, मेडिकल कौन्सिलची कायम नोंदणी लागायची, अर्ज भरायचा, दिल्लीला मुलाखत, मग वैद्यकीय तपासणी. सुरुवातीचा करार पाच वर्षांचा, पुढे वाढवता येतो. एमबीबीएस झालेला डॉक्टर थेट कॅप्टन म्हणून रुजू होतो. मुलाखतीत मला आजारांपेक्षा गावाबद्दल जास्त विचारलं. किती भाषा येतात, हाही प्रश्न होता. मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी असं मी सांगितलं. सीमाभागातल्या कुठल्याही मुलीचं हेच उत्तर असतं. वर गेल्यावर या भाषांचा मला इतका उपयोग होईल याची तेव्हा कल्पना नव्हती.

पुढे लखनौला आर्मी मेडिकल कोअरच्या सेंटरमध्ये ट्रेनिंग. ड्रिल, नकाशा वाचणं, गोळीबार, आणि रात्रीच्या अंधारात चौघांनी स्ट्रेचर उचलून नाल्यातून नेणं. हातात स्ट्रेचर असलं की पाय बघून टाकता येत नाही, हे तिथे अंगात मुरलं. बाकी ट्रेनिंगबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, मी पुढे जाते.

लेहला विमान उतरतं तेव्हा माणूस एकदम साडेअकरा हजार फुटांवर येतो. बेळगाव अडीच हजारांवर. लेहमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशापेक्षाही थोडा कमी, अठरा हजारांवर तो निम्मा होतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेवढंच राहतं, पण दाब घटल्यामुळे प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. शरीर हे जुळवून घेतं, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. म्हणून फौजेत ठरलेलं वेळापत्रक आहे. नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, बारा ते पंधरा हजारांवर चार दिवस, त्याच्या वर आणखी चार दिवस. पहिले दोन दिवस नुसती विश्रांती, मग सपाटीवर सावकाश चालणं, मग थोडा चढ. यातून कुणाची सुटका नाही, डॉक्टरचीही नाही. मीही दोन दिवस कॉटवर पडून होते. डोकं ठणकत होतं, झोपेत श्वास अडकून दचकून जाग यायची. बाथरूमपर्यंत जाऊन आले की धाप लागायची. बरोबर आलेली जवान मुलं अंगणात उभी राहून डोंगरांचे फोटो काढत होती आणि एक वयस्कर सुभेदार त्यांना हाकलून आत झोपायला लावत होते. वर जे जे डॉक्टर करतो, त्यातलं निम्मं काम ते सुभेदार तिथेच करत होते.

हे वेळापत्रक कुणाच्या मनात आलं म्हणून बनलेलं नाही. १९६२ च्या युद्धाच्या वेळी मैदानातले हजारो जवान घाईघाईने डोंगरात चढवले गेले, आणि शत्रूची गोळी न लागता माणसं फुफ्फुसात पाणी होऊन जाऊ लागली. आपल्याच फौजेतले डॉक्टर इंदरसिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांच्या उंचीवरच्या आजारांचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. जगभरचे गिर्यारोहक आणि डॉक्टर आजही त्याचा हवाला देतात. आपल्या शाळांमधून हे शिकवलं जात नाही याचं मला वाईट वाटतं.

आमचा दवाखाना बारा हजार फुटांच्या आसपास. पत्र्याच्या आणि तयार भिंतींच्या लांबट खोल्या, मधोमध बुखारी म्हणजे खोली गरम ठेवणारी रॉकेलची शेगडी, एका टोकाला छोटं ऑपरेशन थिएटर, एक्स-रे, लॅब, ऑक्सिजन सिलिंडरची रांग. सर्जन आणि भूल देणारे डॉक्टर होते, नर्सिंग असिस्टंट होते. हिवाळ्यात सकाळी उठल्यावर पहिलं काम औषधं तपासायचं. सलाईनच्या बाटल्या बुखारीपासून लांब राहिल्या तर गोठतात, इंजेक्शनच्या काचा तडकतात, यंत्रांच्या बॅटऱ्या मान टाकतात. रात्री निघावं लागलं तर लागतील ती इंजेक्शनं मी जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवून झोपायची. साडेनऊला सिक रिपोर्ट, म्हणजे आजारी जवानांची रोजची तपासणी. ओठ फाटलेले, दात दुखणारे, पाठ धरलेली, नाकातून रक्त येणारे. आणि त्या रांगेत बहुतेक रोज एक जण असा, जो कुणीतरी ढकलून पाठवलेला असतो आणि म्हणतो, मला काही झालेलं नाही.

डिसेंबरातली एक रात्र सविस्तर सांगते, कारण आयांना जे कळायला हवं ते सगळं तिच्यात आहे.

दहाच्या पुढे सोळा हजारांवरच्या एका चौकीवरून फोन आला. तिथला नर्सिंग असिस्टंट केरळचा, शांत डोक्याचा मुलगा. सुट्टीवरून परतलेला जवान, चौकीवर येऊन तिसरा दिवस, कालपासून खोकला, संध्याकाळी जेवला नाही, आता बसल्या जागी दम लागतोय. बोटावरच्या यंत्रात रक्तातला ऑक्सिजन बासष्ट टक्के. बोटं गार पडली असली तर ते यंत्र खोटं सांगतं, म्हणून मी आधी त्याचे हात काखेत धरून गरम करायला लावले. तरी चौसष्ट. तिथे धडधाकट माणसाचाही ऐंशीच्या आसपास असतो, पण चौसष्ट म्हणजे वेळ घालवायची नाही. मी म्हटलं, त्याला फोन दे.

गाव विचारलं तर जांबोटीकडचा निघाला. मी मराठीत बोलले तेव्हा क्षणभर गप्प झाला.

“काय नाही ओ मॅडम,” म्हणाला आणि थांबला. श्वास घेतला. “नुसता खोकला...” परत थांबला. “...धरलाय.”

एवढ्याशा बोलण्यात तो मध्येच दोनदा श्वासाला थांबला होता. माझा स्टेथोस्कोप त्याच्या छातीपर्यंत पोचत नव्हता, पण हे मला पुरेसं होतं. आडवा झोपू शकतोस का? “न्हाई. बसूनच बरं वाटूलालंय.” थुंकी कशी आहे? फेस येतोय, थोडी लालसर. असिस्टंटला म्हटलं, पाठीला कान लाव. तो म्हणाला, कानाजवळ केस चोळल्यासारखा आवाज येतोय, उजवीकडे जास्त. मग त्याला सरळ रेषेत चार पावलं चालवून बघितलं. पाय लटपटले असते तर मेंदूलाही सूज आहे असं धरावं लागलं असतं आणि त्या सुजेवरचं डेक्सामेथासोनही सुरू करावं लागलं असतं. पाय सरळ पडत होते. तेवढा एक दिलासा होता.

याला फौजेत हॅपो म्हणतात. उंचीवर ऑक्सिजन कमी पडला की फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात, आतला दाब वाढतो आणि रक्तातलं पाणी हवेच्या जागेत झिरपायला लागतं. नव्या उंचीवर पोचल्यावर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी हा बहुधा गाठतो, आणि रात्री वाढतो. तरण्याबांड, व्यायाम केलेल्या मुलालाही होतो. छाती किती रुंद आहे याचा इथे काही उपयोग नाही. खरा इलाज म्हणजे खाली उतरवणं. ऑक्सिजन, निफेडिपिनची गोळी, ऊब आणि पूर्ण विश्रांती, हे सगळं खाली उतरवेपर्यंत जीव धरून ठेवण्यासाठी.

खाली उतरवायचा रस्ता त्या रात्री बंद होता. वारा सुटलेला, हेलिकॉप्टर उजाडल्याशिवाय येणार नाही. चौकीवर ऑक्सिजनचा साठा होता, पण रात्रभर पुरेल एवढा नव्हता. राहिली हॅपो बॅग. माणूस मावेल अशी लांबट हवाबंद पिशवी, चेन लावायची, तोंडाजवळ पारदर्शक खिडकी. पायाने पंप मारून आतला दाब वाढवला की आतल्या माणसाला पाच-सहा हजार फूट खाली उतरल्यासारखी हवा मिळते. अडचण दोन ठिकाणी. एक, ज्याला आडवं होता येत नाही त्यालाच आत झोपवायचं असतं, म्हणून डोक्याकडच्या बाजूला खाली पोती रचून उतार केला. दुसरी, पंप थांबवता येत नाही. दाब टिकला तरी आतली वापरलेली हवा बाहेर जायला हवी, नाहीतर तो स्वतःच्याच उच्छ्वासात गुदमरेल. मिनिटाला दहा-पंधरा वेळा पाय दाबायचा, रात्रभर. उणे वीसच्या थंडीत त्या चौकीवरचे जवान पाळीपाळीने तो पंप मारत होते. ड्युटीवरून आलेला माणूस बंदूक ठेवायचा आणि पंपावर उभा राहायचा. चेन लावण्याआधी मी त्या पोराला फोनवर सांगितलं, खिडकीतून समोरच्याकडे बघत राहा, घाबरलास तर आतून थाप मार, मी इथेच बसलेय. दर अर्ध्या तासाने फोन. तासाभराने चेन उघडून तपासणी, परत आत. अडीचच्या सुमाराला ऑक्सिजन पंचाहत्तर झाला. चारला असिस्टंट म्हणाला, मॅडम, अब पूरा वाक्य बोल रहा है.

साडेसातला वाऱ्याचा जोर कमी झाला. चीता हेलिकॉप्टर तिथे उतरून इंजिन बंद करत नाही. त्या विरळ हवेत ते पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नसतो. पंखा फिरत असतानाच वाकून माणूस आत घालायचा. वैमानिक वजनाचा हिशेब किलोकिलोने करतात. आमच्या हेलिपॅडवर तो उतरला तेव्हा ओठ अजून निळसर होते, पण स्वतःच्या तोंडाने नाव-नंबर सांगत होता. एक्स-रेत दोन्ही बाजूंना पांढरे ढग. ऑक्सिजन आणि विश्रांतीवर तो निवळला आणि मग आम्ही त्याला खालच्या मोठ्या दवाखान्यात पाठवला. हॅपो वेळेत पकडला तर माणूस पूर्ण बरा होतो. हे मी पुन्हा सांगते, पूर्ण बरा होतो.

त्याने मला विचारलेला पहिला प्रश्न होता, “मॅडम, कॅटेगरी जाईल काय ओ?”

इथे सगळी गोम आहे. फौजेत तब्येतीची श्रेणी असते. शेप-वन म्हणजे पूर्ण तंदुरुस्त. ती खाली आली तर बढती अडेल, कोर्स जाईल, पलटणीतले हसतील, अशी भीती प्रत्येक जवानाच्या मनात असते. त्यात सुट्टीवरून उशिरा येऊन लगेच आजारी पडला असं कुणी म्हणू नये ही लाज. म्हणून खोकला लपवतात, डोकेदुखी लपवतात, दुसऱ्याकडून गोळी घेऊन गप्प बसतात. या पोरालाही खोकला विमानात बसण्याआधीपासून होता. घरी म्हशीच्या गोठ्याचं काम काढलं होतं, शेवटचे चार दिवस झोप नव्हती, हे त्याने नंतर सांगितलं. मी त्याला खरं तेच सांगितलं, की श्रेणी काही काळ खाली येईल आणि तपासण्या नीट आल्या की बहुतेकांची परत वर येते. या भीतीवर मी वरिष्ठांशी पुष्कळ बोलले. आमच्याकडच्या कमांडिंग ऑफिसरांनी रोलकॉलमध्ये सगळ्यांसमोर सांगायला सुरुवात केली की पहिल्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून सांगणाऱ्याला कुणी नावं ठेवणार नाही. त्यानंतर सिक रिपोर्टची रांग लांब झाली. त्या लांब रांगेचा मला फार आनंद होता.

हॅपोशिवाय बाकीचंही असतंच. उंचीवर महिनोन्‌महिने राहिलं की रक्त घट्ट होतं, हिमोग्लोबिन अठरा-वीसपर्यंत जातं. पाणी प्यायचा कंटाळा केला तर पायाच्या नाहीतर मेंदूच्या शिरेत गुठळी होते. पंचविशीतल्या मुलाला अर्धांगवायू झालेला मी पाहिलाय. हिमदंशात बोट काळं पडण्याआधी पांढरं आणि बधिर होतं, दुखत नाही, म्हणूनच लक्षात येत नाही. ते बर्फाने चोळायचं नसतं, शेकोटीवर धरायचं नसतं. कोमट पाण्यात ठेवायचं, आणि पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर तेही खाली आल्यावरच. बुखारीच्या धुरामुळे बंद बंकरात झोपेतच माणसं जातात, म्हणून रात्री झडप थोडी उघडी ठेवायची आणि बुखारी विझवूनच झोपायचं, हे मी प्रत्येक भेटीत बजावायची. आमच्याकडे मोठी रक्तपेढी नव्हती. कुणाचा कोणता गट हे यादीत असायचं आणि गरज पडली की त्या गटाची माणसं रांगेत उभी राहायची. गावातल्या एका लडाखी बाईचं बाळंतपणात रक्त गेलं तेव्हा तिला रक्त देणाऱ्यांत एक बैलहोंगलचा होता. त्याला सुईची भीती वाटायची, म्हणून मी शेजारी बसून त्याच्याशी कन्नडमधून त्याच्या शेतावर बोलत होते. बाई आणि बाळ दोघं सुखरूप घरी गेली.

आता घरच्यांसाठी चार गोष्टी. मुलगा सुट्टीवर आला की शेवटचे दिवस त्याला विश्रांती द्या, घराचं बांधकाम आणि भात कापणी त्याच्यावर टाकू नका. सर्दी-खोकला-ताप असेल तर तसाच गाडीत बसवू नका, जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलात दाखवा. बेळगाव कॅम्पात ते आहेच. तिथून युनिटला कळवता येतं. दहा दिवसांपेक्षा जास्त खाली राहिलेल्या प्रत्येकाला वर जाताना शरीर पुन्हा सवयीला आणावं लागतं. तो आधी दोन वर्षं तिथे राहिलेला असला तरी हा नियम त्याला लागू आहे. सुरुवातीच्या दिवसांत दारू नको. आणि फोनवर ‘जेवलास का’ यानंतर ‘डोकं दुखतंय का, रात्री झोप लागते का’ हे विचारा. बोलताना धाप लागतेय का ते ऐका. होय म्हणाला तर ‘सहन कर’ म्हणू नका. आत्ता जाऊन नर्सिंग असिस्टंटला सांग, असं म्हणा. आईने सांगितलेलं तो ऐकतो. जांबोटीच्या त्या पोराने दवाखान्यातून घरी फोन लावला तेव्हा त्याच्या आईशी मीच बोलले. ती माउली म्हणाली, “मला खोकला ऐकू येत होता ओ बाई, पण मला काय ठाऊक?” म्हणून हे लिहिलं.

नंदगडची एक मुलगी इंटर्नशिप संपवून आता अर्ज भरतेय. परवा घरी येऊन कागदपत्रं दाखवून गेली. नोंदणीचं प्रमाणपत्र, इंटर्नशिपचा दाखला आणि दहावीच्या दाखल्यावरची जन्मतारीख, तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग एक आहे का ते बघून घे म्हटलं. आपल्याकडे शाळेत कन्नड-मराठी-इंग्रजी अशा तीन तऱ्हांनी नाव चढतं आणि दिल्लीत अडतं. तिने विचारलं, उंचीवरच्या आजारांचं काय वाचू? वाचायचं नंतर बघू, उद्यापासून रोज सकाळी पळायला लाग, आणि जमलं तर लडाखी चार वाक्यं शिकून जा, असं मी तिला सांगितलं.